एक चिपटं आणि एकशे वीस तास : लहान वस्तुसंग्रहालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहान वस्तुसंग्रहालयांचे विश्वस्त, अभिरक्षक (क्युरेटर) आणि ज्यांच्याकडे त्या इमारतींच्या किल्ल्या असतात ते सर्व जण

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. एम.ए.च्या मुलांच्या कार्यप्रशिक्षणाचं, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करत शिकण्याचं, सगळे ज्याला ‘ओजेटी’ (ऑन जॉब ट्रेनिंग) म्हणतात त्याचं काम माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने दर वर्षी मुलांना घेऊन मी तुमच्यापैकी कुणा ना कुणाच्या दारात उभी असते. काहींनी ‘आमच्याकडे काय शिकणार ही पोरं’ म्हणत चहा पाजून परत पाठवलं. काहींनी आनंदाने ठेवून घेतलं. हे पत्र दोघांनाही आहे.

आधी एक प्रसंग सांगते. एका संग्रहालयात खालच्या फळीवर पितळेची, उतरत्या आकाराची काही भांडी मांडलेली होती. समोर लेबल होतं, ‘धातूची भांडी’. एवढंच. माझ्याबरोबर आलेली एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, त्या कपाटासमोर उकिडवी बसली. म्हणाली, “मॅडम, ही भांडी नाहीत. मापं आहेत. हे चिपटं, हे मापटं, हा शेर. आमच्या आजीकडं आहेत अजून, ज्वारी मोजायला.” मग तिने तिथल्या अभिरक्षकांना समजावून सांगितलं : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आणि शेवटी म्हणाली, “शेर आहे, पायली आहे, मधली अधोली कुठंय?” अधोली नव्हतीच. ती कधी होती का, असली तर कधी गेली, हे कुणालाच सांगता येईना. कारण ती पाच भांडी ज्या वहीत लिहिलेली होती तिथेही ‘पितळी भांडी, नग ५’ इतकंच होतं.

ती वही डेडस्टॉक रजिस्टर होती. खुर्च्या, टेबलं, पंखे, कपाटं आणि त्याच रांगेत ही मापं. तुमच्यातल्या अनेकांना यात नवल वाटणार नाही. संस्था नोंदणीकृत आहे, ऑडिट होतं, ऑडिटरला जडवस्तूंची यादी लागते. म्हणून सगळं त्याच वहीत गेलं. पैशाच्या हिशेबाला ते पुरेसं आहे. पण वस्तू कुणी दिली, कुठल्या गावची, कशासाठी वापरत, तिला तडा आधीपासून होता की आपल्याकडे आल्यावर गेला, याला त्या वहीत रकानाच नाही.

याच कामासाठी मी तुमच्याकडे मुलं घेऊन येते. आणि आता एकटी मीच नाही, पुष्कळ शिक्षक येणार आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतल्या पदवी वर्गांना २०२४-२५ पासून लागू झालं. त्या वेळी पहिल्या वर्षाला आलेली पदवीची मुलं २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात, म्हणजे कार्यप्रशिक्षणाच्या वर्षात असतील. या धोरणात कार्यप्रशिक्षणाला चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत. एका श्रेयांकाला तीस तास धरले तर एकशे वीस तास होतात. वाणिज्यची मुलं सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत, बँकेत जातात. विज्ञानच्या मुलांना प्रयोगशाळा आहेत, कारखाने आहेत. कला शाखेच्या मुलाला ‘तू कुठे जाणार’ विचारलं की तो गप्प होतो. शेवटी ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानातून किंवा काकांच्या कार्यालयातून प्रमाणपत्र येतं. जिल्ह्यात अशी एकच जागा आहे जिथे इतिहासाच्या मुलाचा विषय त्याच्यासमोर प्रत्यक्ष ठेवलेला असतो. ती जागा तुमची आहे.

‘लहान’ हा शब्द मी कमीपणाने वापरत नाही. इमारत लहान, माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा. संग्रह मात्र लहान नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंतून उभं राहिलेलं संग्रहालय आहे. तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचं नाव येतं, आणि तिथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं नातं थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली मिळालेल्या मूर्तीशी जोडलं जातं. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात शहरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेला कांस्याचा पोसायडन उभा आहे, पंचगंगेच्या काठी सापडलेला समुद्राचा ग्रीक देव. ही नावाजलेली उदाहरणं झाली. ज्यांचं नाव तालुक्याबाहेर कुणी ऐकलेलं नाही अशा वाड्यांतल्या, वाचनालयांच्या माडीवरच्या, देवस्थानांच्या ओवरीतल्या संग्रहांत काय काय आहे हे आपल्याला सांगता येत नाही, कारण तिथे कुणी नीट बसून लिहिलेलंच नाही.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच संग्रहालयांची सुरुवात एका माणसाच्या वेडातून झाली आहे. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलं आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्याला वारले. त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांभोवती तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. तुमच्या संग्रहालयाचंही असंच असेल : कुणी गुरुजी, कुणी वैद्य, कुणी इनामदार. त्या माणसाला प्रत्येक वस्तूची गोष्ट तोंडपाठ असते. ही समई कुणाच्या घरची, ही तलवार कुणी किती रुपयांना विकायला काढली होती, हा शिलालेख कुठल्या विहिरीच्या पायरीला उलटा बसवलेला होता. तोंडपाठ असतं म्हणून तो लिहीत नाही. आणि तो गेला की उरते वस्तू आणि ‘नग ५’.

त्या माणसाच्या घरचे अजून आहेत. त्यांची मुलगी सत्तरीची असेल. पस्तीस वर्षं रोज सकाळी दार उघडणारा शिपाई निवृत्त होऊन गावातच राहत असेल. कोणती मूर्ती आधी कुठे होती, कोणत्या पुरात कोणतं कपाट भिजलं, हे त्याला माहीत आहे, आणि त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. एम.ए.च्या मुलाला मौखिक इतिहास हा विषय वर्गात शिकवताना मी पुस्तकातली उदाहरणं देते. त्याने त्या शिपायाच्या ओसरीवर मोबाइल ठेवून तीन दुपारी बसावं, यापेक्षा चांगलं शिक्षण मला माझ्या वर्गात देता येत नाही.

आता आपल्याकडे सध्या काय होतं ते लिहिते. दोष दोन्हीकडचा आहे, म्हणून मी कुणाचंही नाव घेत नाही. पहिल्या वर्षी मी चार मुलं एका संग्रहालयात पाठवली. वीस दिवस रोज सहा तास. दोन मुलं तिकीट खिडकीवर बसली, दोघांनी सहलीच्या शाळकरी पोरांना रांगेत उभं करायचं काम केलं. एके दिवशी त्यांना तांब्याची नाणी चिंच लावून घासायला दिली, पाहुणे येणार होते म्हणून. मुलांनी मन लावून घासली. लखलखीत झाली. त्या नाण्यांवरचा जो हिरवा-काळा थर दोन-अडीचशे वर्षांत जमलेला होता तो गेला आणि त्याबरोबर काही नाण्यांवरची अक्षरंही पुसट झाली. मुलांना काय माहीत? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी सही-शिक्क्यानिशी प्रमाणपत्र मिळालं, ‘कार्य समाधानकारक’. मी ते घेतलं, गुण भरले, फाइल बंद केली. त्या चार मुलांची मी आजही माफी मागते. मला त्या वेळी फक्त प्रमाणपत्र हवं होतं आणि संग्रहालयाला फक्त फुकटचे हात हवे होते.

त्यानंतर मी माझ्यापुरता एक नियम केला, तोच तुमच्यासमोर ठेवते. विद्यार्थी यायच्या आधी काम ठरलेलं हवं. ते काम एकशे वीस तासांत पूर्ण होणारं हवं, संग्रहालयाला खरोखर लागणारं हवं, आणि विद्यार्थी गेल्यावर त्याच्या नावानिशी तिथे राहणारं हवं. ‘येऊ द्या, बघू काय देता येईल’ असं ज्या ठिकाणी म्हणतात तिथे मी आता मुलं पाठवत नाही.

कोणतं काम? मला विचाराल तर पहिली पाच वर्षं एकच : नोंदणी. प्रदर्शन, अ‍ॅप, चित्रफीत, सगळं नंतर. दोन मुलांची जोडी घ्या. एकाने वस्तू धरायची आणि मोजायची, दुसऱ्याने लिहायचं. उंची, रुंदी, वजन, कशाची बनवली आहे, कुठे तुटली आहे, कुठे गंजली आहे, कुणी दिली, कपाट कोणतं, फळी कोणती. खिडकीच्या उजेडात, मागे राखाडी कापड, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलने फोटो, फ्लॅश न लावता. हे सगळं नीट करायला एका वस्तूला अर्धा तास लागतो. माझा हिशेब असा की पहिले वीस तास शिकण्यात जातात, शेवटचे वीस तपासण्यात आणि सोपवण्यात. मधल्या ऐंशी तासांत एका जोडीच्या एकशे साठ वस्तू होतात. वर्षाला दोन जोड्या आल्या तर तीनशे वीस, पाच वर्षांत सोळाशे. तुमच्यातल्या अनेकांचा संग्रह एवढाच आहे. म्हणजे आज जी मुलं बारावीत आहेत ती पदव्युत्तर होईपर्यंत तुमची संपूर्ण सूची तयार असेल, आणि तीही नवीन माणूस न नेमता.

क्रमांक देण्याची पद्धत साधी आहे, जगभरातली पुष्कळ संग्रहालयं तीच वापरतात : वर्ष, त्या वर्षी आलेला संच, संचातली वस्तू. २०२६.३.१४ म्हणजे २०२६ मध्ये दाखल झालेल्या तिसऱ्या संचातली चौदावी वस्तू. जुन्या वस्तूंबद्दल मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. वस्तू केव्हा आली ते माहीत नसेल तर वर्ष अंदाजाने टाकू नका. ‘संग्रहात आढळली’ असा वेगळा संच करा आणि त्यात घाला. मुलांना रिकामा रकाना बघवत नाही, काहीतरी भरावंसं वाटतं. रिकामा रकाना रिकामा ठेवायला शिकणं हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचं फार मोठं शिक्षण आहे. आणि क्रमांक वस्तूवर बॉलपेनने लिहायचा नाही, चिकटपट्टीचं लेबल लावायचं नाही. सुती फितीला बांधलेली चिठ्ठी आणि शिसपेन बहुतेक ठिकाणी पुरते. थेट वस्तूवरच लिहायचं असेल तर आधी पॅरालॉइड बी-७२ या पुन्हा काढता येणाऱ्या राळेचा पारदर्शक थर, त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा थर. पण हे एखाद्या जाणकाराकडून एकदा शिकून घेतल्याशिवाय नको.

संगणकाचं विचाराल तर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली केली आहे, देशातली मोठी संग्रहालयं ती वापरतात. तुम्हीही पुढे तिथे जाल. पण सुरुवात कागदी नोंदवहीनेच करा, आणि तिचीच प्रत संगणकावर साध्या तक्त्यात उतरवून ठेवा. वीज नसली, पासवर्ड कुणाला आठवत नसला, तरी वही उघडते.

नोंदणी झाली की दुसरं काम आपोआप समोर येतं, ते म्हणजे कोठीची खोली. प्रेक्षकांसमोर असतं त्याच्या कितीतरी पट मागच्या खोलीत असतं, आणि त्या खोलीत आपण कुणाला नेत नाही. लाज वाटते. वाटायला नको, ही अवस्था जगभर आहे. रोमच्या ‘इक्रोम’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने दहा हजारांपर्यंत वस्तू असलेल्या लहान संग्रहालयांसाठीच ‘री-ऑर्ग’ नावाची एक पद्धत तयार केली आहे. तिच्या कसोट्यांतल्या दोन मला फार आवडतात, कारण त्या आपल्या कुठल्याही शिपायाला समजतील. कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे. आणि ती हातात घ्यायला दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. आपली कोठीची खोली या दोन वाक्यांवर एकदा तपासून बघा. नवीन इमारत नको, वातानुकूलन नको. फळ्या, सुती कापड, खोके आणि पंधरा दिवस मान मोडून काम करायला तयार असलेली मुलं लागतात.

साफसफाईबद्दल वर लिहिलंच आहे, तरी पुन्हा लिहिते. मऊ ब्रशने वरची धूळ काढण्यापलीकडे विद्यार्थ्याने कोणत्याही वस्तूची ‘स्वच्छता’ करायची नाही. चिंच नाही, राख नाही, पितांबरी नाही, तेल नाही, वॉर्निश नाही. धातूच्या वस्तूला हातमोजे घालून हात लावायचा, कारण घामाने बोटांचे ठसे उठतात आणि तिथून गंज सुरू होतो. जुन्या कागदाला उलट स्वच्छ धुतलेले, कोरडे हातच बरे. मोज्यांनी कागदाचा काठ बोटाला कळत नाही आणि फाटतो. वाळवी किंवा कसर दिसली तर वस्तू वेगळी करून अभिरक्षकांना सांगायचं, स्वतः औषध मारायचं नाही. हे पहिल्या दिवशी, पहिल्या तासात सांगायचं असतं. सांगणारा माणूस तुमचा हवा.

हा सांगणारा माणूस हीच खरी अडचण आहे, हे मला कळतं. तुमच्याकडे एक अभिरक्षक आणि एक शिपाई. अभिरक्षकही अर्धवेळ, सकाळी वाचनालय सांभाळून दुपारी येणारा. त्याने मुलांना कधी शिकवायचं? माझं म्हणणं असं की रोज एक तास पुरतो, पण तो तास ठरलेला हवा आणि चुकवायचा नाही. सकाळी दार उघडण्यापूर्वी किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. त्या तासात कालच्या नोंदी समोर घ्यायच्या आणि एकेक वाचायची. “गोल भांडं म्हणजे काय? तोंड केवढं, पोट केवढं, बुड सपाट की गोल?” एवढे प्रश्न आठ दिवस विचारले की नवव्या दिवशी मूल स्वतःच नीट लिहायला लागतं. दोनपेक्षा जास्त मुलं एका वेळी घेऊ नका. महाविद्यालय दहा जणांची यादी पाठवेल, तुम्हाला संकोच वाटेल, तरी दोनच घ्या आणि बाकीच्यांना पुढच्या सत्रात बोलवा. आमच्याकडूनही शिक्षकाने आठवड्यातून एकदा यायलाच हवं. न येणाऱ्या शिक्षकाबद्दल प्राचार्यांना पत्र लिहायला तुम्ही कचरू नका. मीही त्यातच आले.

पैशाचं बोलायला हवं, कारण त्यावर सगळे गप्प बसतात. वीस दिवस रोज सहा तास म्हणजे कित्येक मुलांची वीस दिवसांची मजुरी बुडते. माझ्या वर्गात सुट्टीत ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं आहेत, मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी उभी राहणारी मुलं आहेत. एसटीत मुलींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मुलांना नाही. आणि सवलतीचा पास घर ते महाविद्यालय याच वाटेचा असतो, तुमच्या गावाचा नसतो. मोबदला देणं जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर निदान जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण द्या. दोन मुलांच्या वीस दिवसांच्या जेवणाला आणि भाड्याला जो खर्च येतो तो तुमच्या गावातली पतसंस्था एका बैठकीत मंजूर करू शकते. खासगी साखर कारखाना किंवा एखादी कंपनी जवळ असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृतीचं रक्षण हा सामाजिक दायित्वाच्या खर्चाचा विषय म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. मागणीपत्रात ‘संग्रहालयास मदत’ असं मोघम लिहू नका. ‘एकशे साठ वस्तूंची नोंदणी, दोन विद्यार्थी, वीस दिवस, खर्च इतका’ असं लिहा. ठरलेल्या कामाला पैसे मिळतात, असा माझा अनुभव आहे. शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे, त्यामुळे चालू विद्यार्थ्यांना तिचा उपयोग नाही. पण याच मुलांपैकी एखादं मूल पदवीनंतर तुमच्याकडे परत यायचं म्हणालं तर ती वाट चौकशी करून बघण्यासारखी आहे.

मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी पहिला विचारते. दोन ठिकाणी उत्तर नाही असं मिळालं, तिथे मुली पाठवल्या नाहीत. शेवटची एसटी किती वाजता हेही विचारते. आणखी एक गोष्ट फार थोड्या संस्थांना ठाऊक आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलीलाही लागू आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तुमच्यातली बहुतेक संग्रहालयं यातच मोडतात. त्या समितीचा पत्ता आणि फोन मुलींना पहिल्याच दिवशी लिहून द्या. त्यात तुमच्या संस्थेवर अविश्वास नाही.

आता तुमच्या मनातली भीती. ती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे : मुलं फोडतील, एखादी वस्तू खिशात घालतील, नाणं दिसलं की बाहेर बभ्रा करतील. ही भीती खोटी नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. त्यांची जबाबदारी हलकी नाही. म्हणून कपाटाची किल्ली विद्यार्थ्याकडे द्यायची नाही, वस्तू एका वेळी एकच टेबलावर आणायची, टेबलावर जाड कापड अंथरायचं, दोघांनी मिळूनच हात लावायचा, दिवसाअखेर मोजून आत ठेवायचं आणि वहीवर सह्या करायच्या. एवढं पाळलं तर फुटतूट जवळजवळ होत नाही. पण मी तुम्हाला उलट विचारते : आज रात्री तुमच्या संग्रहालयातून एखादी मूर्ती गेली, तर उद्या सकाळी पोलीस ठाण्यात तुम्ही काय लिहून द्याल? फोटो आहे? उंची लिहिलेली आहे? डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली होती ही नोंद आहे? नसेल तर ती मूर्ती दुसऱ्या राज्यात कुणाच्या गोदामात सापडली तरी ती तुमची आहे हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. नोंद झालेली वस्तूच मागता येते. ती नोंद करायला ही मुलं येत आहेत.

काही विश्वस्त मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहालयांकडे बोट दाखवून म्हणतात, त्यांच्यासारखी प्रयोगशाळा, त्यांच्यासारखे तज्ज्ञ आमच्याकडे नाहीत, आम्ही काय इंटर्नशिप चालवणार? त्यांचं काम मोठं आहेच. पण तिथे गेलेलं माझं मूल एका मोठ्या यंत्रणेचा कोपरा बघून येतं. तुमच्याकडे त्याला सकाळचं कुलूप उघडण्यापासून ते देणगीदाराच्या नातवाशी बोलण्यापर्यंत सगळं संग्रहालय दिसतं. आणि ते मूल तुमच्याच मुलखातलं असतं. मापट्याला मापटं म्हणणारी ती मुलगी मुंबईच्या दालनात कदाचित बोललीच नसती. मोटेचा नाडा कुठे बांधायचा, वजरी कशाला वापरतात, हे आजोबांना-आजीला विचारून येणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना मोडी वाचता येत नाही, इंग्रजी अडखळतं, पण तुमच्या फळीवरच्या अर्ध्या वस्तूंची नावं त्यांच्या घरात अजून बोलली जातात. आणखी दहा-पंधरा वर्षांनी येणाऱ्या मुलांच्या घरात ती बोलली जाणार नाहीत. म्हणून मला घाई आहे.

शेवटी एका वहीबद्दल लिहायचं आहे. ज्या संग्रहालयात मापांचा प्रसंग घडला तिथे आम्ही नंतर तीन जोड्या पाठवल्या. पहिल्या जोडीने जाताना एका शंभरपानी वहीत लिहून ठेवलं : कोणतं कपाट झालं, कोणतं अर्धं राहिलं, कोणत्या वस्तूबद्दल शंका आहे, कुणाला भेटायचं राहून गेलं, कोणत्या खिडकीत दुपारी तीननंतर उजेड चांगला येतो. दुसरी जोडी आली तेव्हा तिने आधी ती वही वाचली आणि पहिल्याच दिवशी कामाला लागली. तिसऱ्या जोडीला अभिरक्षकांना फारसं सांगावंच लागलं नाही. आजही त्या संग्रहालयाची इंटर्नशिप म्हणजे ती वही आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या मुलीने आजीकडून लिहून आणलेलं मापांचं कोष्टक आहे, निळव्यापासून खंडीपर्यंत, आणि खाली दोघींची नावं, आजीचंही. कपाटातलं लेबल बदललं आहे. नोंदवहीत ‘नग ५’ च्या जागी पाच स्वतंत्र ओळी आहेत, आणि शेऱ्यात लिहिलं आहे : ‘संचातील अधोली आढळली नाही. शोध सुरू.’

माझ्याकडे येत्या सत्रासाठी सहा मुलं आहेत, म्हणजे तीन जोड्या. चार मुली, दोन मुलगे. एकाला मोडी येते, दोघींना संगणकावर तक्ता करता येतो, सगळ्यांचं अक्षर वाचता येण्यासारखं आहे. तुमच्या गावाला दिवसातून दोन तरी एसट्या येत असतील आणि रोजचा एक तास देणारा माणूस तुमच्याकडे असेल, तर जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला पत्र पाठवा. माझ्यासारखे शिक्षक तिथेही आहेत आणि जागा शोधत आहेत. पत्रात फक्त दोन गोष्टी लिहा. तुमच्या नोंदवहीतली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, आणि मुलांनी कोणत्या कपाटापासून सुरुवात करायची.

आपली,
तालुक्याच्या महाविद्यालयातली इतिहासाची एक शिक्षिका